मशीन न्या, वही नको

(पाऊस. जांभ्याची ओली भिंत.)

जून लागला की कोकणात कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते. तीच बुरशी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर चढते आणि वेळीच पुसली नाही तर काचेवरचा मुलामा खाते. म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातल्या या खाडीकाठच्या प्रयोगशाळेत खोल्या वाटताना आधी एकच पाहिलं गेलं : ओल कुठे कमी आहे.

इथे आता दोन सेवाभावी संस्थांचं सामान एकत्र आलंय. एक संस्था आंबा-काजूच्या बागांची माती तपासून द्यायची. दुसरी खारजमिनीतली भातशेतीची माती आणि गावोगावच्या विहिरींचं पाणी. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यातल्या कलम ५०-अ प्रमाणे धर्मादाय आयुक्त अशा न्यासांची एकच योजना करून देऊ शकतात. कागदाचं काम त्या वाटेने पार पडलं.

(दोन स्पेक्ट्रोफोटोमीटर, शेजारी शेजारी.)

दोघींकडे एकेक स्पेक्ट्रोफोटोमीटर. द्रावणातून प्रकाश सोडायचा आणि किती शोषला गेला ते मोजायचं, हे याचं काम. बैठकीत सूचना आली, एक ठेवू, एक विकू. पण यात दिवे दोन असतात. मातीतला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, द्रावणाच्या निळ्या रंगावरून मोजतात, त्याला टंगस्टनचा दिवा पुरतो. विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट २२० नॅनोमीटरला, म्हणजे अतिनील प्रकाशात मोजतात. त्याला ड्युटेरियमचा दिवा लागतो. तो महाग, आणि साधारण हजारेक तासांत थकतो. मग ठरलं : एक यंत्र मातीचं, एक पाण्याचं. मातीच्या यंत्रातला ड्युटेरियम बंदच ठेवायचा.

खरी अडचण पुढे निघाली. दोन्ही संस्था स्फुरद मोजत होत्या, पण पद्धती वेगळ्या. जांभ्याची माती आम्लधर्मी. तिच्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरून बसतात. १९४५ च्या ब्रे पद्धतीतलं फ्लोराइड त्या धातूंना बांधून स्फुरद मोकळा करतं. सामू (मातीची आम्लता दाखवणारा आकडा, पीएच) सातच्या वर गेला की १९५४ ची ओल्सन पद्धत लागते, सोडियम बायकार्बोनेटची. एकाच मातीला दोन्ही पद्धती लावल्या तर आकडे दोन येतात. आणि त्या आकड्यावर बागायतदार खताची पोती आणतो! दोन्हीकडचे जुने अहवाल एकाच यादीत ओतले असते, तर कुणाच्या तरी कलमांना चुकीचं खत पडलं असतं. इथे घाई झाली नाही, याचं मला फार समाधान वाटतं. आता आधी सामू, मग पद्धत, आणि पद्धतीचं नाव प्रत्येक अहवालावर.

(तराजूचा बुडबुडा मधोमध येतो.)

तराजू हलवला की त्याची पातळी पुन्हा साधावी लागते, प्रमाणित वजनं ठेवून तपासावा लागतो. फ्रीजर जनरेटरच्या जवळ घेतला. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात कित्येक दिवस वीज नव्हती, ते इथे कुणी विसरलेलं नाही.

(जुनी वही. कडा पिवळ्या पडलेल्या.)

खारजमिनीच्या संस्थेतल्या सहायक मावशींनी सामान बांधताना सांगितलं, "मॅडम, मशीन न्या. वही मी देणार नाही." त्या वहीत दिवा कधी बदलला, व्होल्टेज कधी पडलं, कुठल्या क्युव्हेटला, म्हणजे द्रावण ठेवायच्या छोट्या पारदर्शक भांड्याला, चरा गेला, सगळं होतं. सामानाच्या यादीत मात्र वहीचं नाव नव्हतं. दुरुस्तीला माणूस आला की पहिल्यांदा मागतो ती हीच. मावशी वहीसकट इथे आल्या. दोन्ही यंत्रांची नोंद आता त्यांच्याकडे आहे, आणि यंत्रावर वेळ हवा असेल तर विश्वस्तांनाही त्याच वहीत नाव घालावं लागतं.

नव्या वहीच्या पहिल्या पानावर एकाच मातीचा नमुना आहे. सामू, ब्रेचा आकडा, ओल्सनचा आकडा. खाली दोन सह्या, दोन्ही जुन्या संस्थांतल्या एकेकाची.