आधी काट्यावर चढवा

मंडळी, मागे उभे आहात त्यांनी पुढे या, सतरंजीवर भरपूर जागा आहे. विषय फळ्यावर लिहिलाय: ‘हलकी इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार आणि हौशींचे तीन आक्षेप’. तिन्ही आक्षेपांना मी उत्तर देणार आहे. त्याआधी ही एक वस्तू पहिल्या रांगेपासून फिरवतो. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत असायचा तो हा सेल, 18650. व्यास 18 मिलिमीटर, लांबी 65. तळहातावर ठेवा, वजनाचा अंदाज करा आणि पुढच्याला द्या. शेवटच्या रांगेने मला आकडा सांगायचा.

आता तो फिरतोय तोवर आपण कॅलिफोर्नियात सॅन डिमासला जाऊन येऊ. तिथे एसी प्रोपल्शन नावाची छोटीशी कंपनी होती, 1992 साली निघालेली. अ‍ॅलन कोकोनी हे तिच्या संस्थापकांपैकी एक. जनरल मोटर्सच्या ‘इम्पॅक्ट’ या इलेक्ट्रिक गाडीचा इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणारा भाग, त्यांच्या डोक्यातून आलेला. या लोकांनी 1997 साली एक किट कार घेतली, म्हणजे सुटे भाग आणून आपणच जुळवायची गाडी, तिच्यात आपली मोटर आणि शिशाच्या 28 बॅटऱ्या बसवल्या आणि नाव ठेवलं टी-झीरो. गणितात वेळ मोजायला जिथून सुरुवात करतात तो क्षण. शिशाच्या बॅटऱ्या म्हणजे आपल्याकडे घरच्या इन्व्हर्टरला असतात तशाच जातीच्या. तेवढं ओझं वाहूनही ती गाडी ताशी 96 किलोमीटरचा वेग चार सेकंदांच्या आसपास गाठायची.

2003 साली त्यांनी शिसं उतरवलं आणि तुमच्या हातात फिरतोय तसले सुमारे 6,800 सेल बसवले. गाडीचं वजन दोनशे किलोंहून जास्त घटलं. वेग वाढला, आणि पल्लासुद्धा वाढला! पेट्रोलच्या गाडीत या दोन गोष्टी एकमेकींच्या सवती. इथे एकाच दुरुस्तीत दोघी नांदायला लागल्या. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री वहीत फक्त दोन आकडे लिहून बसलो होतो, आधीचं वजन आणि नंतरचं वजन.

टी-झीरो बनल्या तीनच. लांबच्या प्रवासासाठी त्यांनी पेट्रोल इंजिनाचा एक छोटा ट्रेलरही केला होता. तो मागे जोडायचा, वाटेत तो वीज बनवत राहणार. गावाला निघालेल्या लेकाच्या पिशवीत आई दशम्या बांधून देते, तसा.

या गाडीच्या मागे लागलेले गृहस्थ म्हणजे मार्टिन एबरहार्ड. लिथियमच्या प्रयोगासाठी त्यांनी पदरचे पैसे घातले आणि जुलै 2003 मध्ये मार्क टार्पेनिंग यांच्याबरोबर टेस्ला कंपनी काढली. आजची टेस्ला डोळ्यांपुढे आणू नका. रोडस्टर ही तिची पहिली गाडी, आणि ती बनवणारी टेस्ला छोटी होती. गाडीचा सांगाडा इंग्लंडहून यायचा, नॉरफकमधल्या हेथेलच्या लोटस कारखान्यातून.

लोटस एलिसवर बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, माफ करा. ही 1996 ची गाडी. पहिल्या एलिसचं वजन सव्वासातशे किलोंच्या आसपास. तिची चॅसी, म्हणजे सांगाडा, अ‍ॅल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्यांची, आणि त्या पट्ट्या वेल्डिंगने जोडलेल्या नाहीत, इपॉक्सीने चिकटवलेल्या आहेत. वेल्डिंगच्या उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम मऊ पडतं, मग ताकद राखायला जाड पट्टी घ्यावी लागते. चिकटवलं तर पातळ पट्टी चालते. अख्खी चॅसी 68 किलोंची. पहिल्या रांगेतल्या एका सद्गृहस्थांएवढी. नाव घेत नाही, ते हसतायत म्हणजे तुम्हाला कळलंच.

तर या कुळातून रोडस्टर निघाली आणि काट्यावर भरली सुमारे तेराशे किलो. हौशींनी तेव्हा म्हटलं की एलिसच्या पाठीवर गोणी टाकली. मला ते मान्य नाही. दोन्ही गाड्यांत सामाईक भाग दहा टक्केही नव्हते. पण वजनाचा हिशोब मात्र मांडायला हवा. सेल पोचला का मागे? काय म्हणता, ऐंशी ग्रॅम? शंभर? साधारण 45 ग्रॅम आहे तो. रोडस्टरमध्ये असे 6,831 सेल होते. गुणा. 307 किलो. आणि बॅटरीचा पूर्ण पॅक होता 450 किलोंचा. म्हणजे वीज साठवणारा माल 307, आणि त्याची पेटी, तांबं, थंड ठेवायची नळी, स्क्रू, झाकणं मिळून 140 किलोंच्या वर. एलिसच्या दोन चॅसी झाल्या की हो! माझं आजचं सगळं म्हणणं या 140 किलोंत आहे.

हे वजन येतं कुठून? वाजवी मागण्यांतून. रोडस्टरचंच बघा. दाराचा उंबरा उंच आहे, चढउतार करताना त्रास होतो, तो दोन इंच खाली घ्या. वाजवी आहे. पण त्यासाठी तयार चॅसी पुन्हा आखावी लागली. सीट बदला, दाराला इलेक्ट्रॉनिक लॅच द्या. यातली एकही मागणी चुकीची म्हणून दाखवता येत नाही, आणि तीच तर अडचण आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी एका कंपनीत, नाव घेण्यात अर्थ नाही, दोन सीटची इलेक्ट्रिक गाडी बनवायचं ठरलं. भोसरीत एक शेड, आम्ही चौदा माणसं. लक्ष्य 850 किलो. वजनाचा तक्ता माझ्याकडे. रोज संध्याकाळी प्रत्येकाकडून दिवसभरातले बदल घ्यायचे आणि बेरीज करायची.

पहिल्या महिन्यात बॉडीवाला आला. 1.2 मिलिमीटरचा पत्रा हाताला दबतो, 1.6 चा घेऊ या, फक्त सहा किलो वाढतील. मी लिहिले. मग वायरिंगवाला. हाय व्होल्टेजची नारिंगी केबल मापात कापली तर पुढे जागा बदलल्यावर तोकडी पडेल, म्हणून त्याने प्रत्येक ठिकाणी वीतभर जास्त ठेवली आणि वेटोळी करून टायने बांधली. ती वेटोळी मला अजून दिसतात. सीटच्या मागे एक, बॅटरीच्या तोंडाशी दोन, पुढे चार्जरपाशी एक मोठं, जिलबीसारखं. आत नुसतं तांबं, आणि त्यातून एक इंचही जास्त प्रवास होणार नाही! बॅटरीची पेटी अ‍ॅल्युमिनियमची ठरली होती. पण त्याचं वेल्डिंग करणारा व्हेंडर तारीख देईना, आणि लोखंडाचा व्हेंडर शेडच्या मागेच होता. लोखंडाची झाली. तात्पुरती, असं सांगितलं होतं. मंडळी, आपल्या कारखान्यांत तात्पुरत्या गोष्टीएवढं टिकाऊ काही नसतं.

मी प्रत्येक बैठकीत तक्ता दाखवायचो. सगळे मान डोलवायचे. कोणाचं काही चुकलंय असं नव्हतं, प्रत्येकाने आपापलं काम जपलं होतं. पण ‘नाही, हे दोन किलो घेणार नाही’ असं म्हणायचा अधिकार त्या खोलीत कोणालाच दिलेला नव्हता. माझ्याकडे पेन होतं, खोडायची परवानगी नव्हती.

शेवटी एका रात्री गाडी टो ट्रकवर घालून वजनकाट्यावर नेली. आमच्यापुढे कांद्याचा ट्रक. त्याचा नंबर झाला, मग आम्ही गाडी खाली उतरवली आणि ढकलत प्लेटवर घेतली. कांद्याचा ड्रायव्हरही हात लावायला आला. खिडकीतल्या पोराने आमच्या गाडीकडे पाहिलं, मॉनिटरकडे पाहिलं आणि विचारलं, “साहेब, भरलेली लिहू की रिकामी?” रिकामी, म्हटलं. पावती हातात आली. 1,180 किलो.

तीनशे तीस किलो जास्त. आणि दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत काय ठरलं? वजनामुळे पल्ला कमी पडतोय, म्हणून मोठी बॅटरी घालू! मोठी बॅटरी म्हणजे जाड स्प्रिंग, मोठे ब्रेक, रुंद टायर, आणि ते सगळं ओढायला आणखी बॅटरी. सावकाराचं व्याज असंच चढतं. सहा महिन्यांत प्रकल्प बंद झाला. ती पावती मी पाकिटात ठेवली होती. त्या कागदावरची शाई उडून जाते, म्हणून उडायच्या आत मागच्या बाजूला बॉलपेनने आकडा उतरवून घेतला. ही बघा.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. बरं, आक्षेप.

पहिला, आवाज नाही. खरं आहे, इंजिनचा नाही. पण हलक्या गाडीत टायरखालचा खडा ऐकू येतो, डांबर बदललं की स्टिअरिंगमध्ये कळतं. रोडस्टरला पॉवर स्टिअरिंग नव्हतं. पार्किंगमध्ये दंड भरून येत असतील, पण वळणावर रस्ता थेट हातात. दोन टनांच्या गाडीत हे मिळत नाही, म्हणून तिथे स्पीकरमधून खोटा आवाज सोडावा लागतो.

दुसरा, गिअर नाहीत. रोडस्टरला आधी दोन गिअरचा बॉक्स योजला होता. तो मोटरच्या झटक्यापुढे टिकेना. पहिल्या गाड्या दुसऱ्या गिअरमध्ये अडकवूनच ग्राहकांना दिल्या. मग मोटर आणि इन्व्हर्टर सुधारला, एकाच गिअरचा बॉक्स बसवला, आणि ताशी 96 किलोमीटरचा वेग 3.9 सेकंदांत मिळाला. एक अख्खी अवघड वस्तू गाडीतून गेली आणि गाडी सुधारली. गिअर टाकायची मजा मलाही हवीशी वाटते, ती गेली हे मान्य. बदल्यात दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात.

तिसरा, बॅटरी म्हटली की गाडी जडच. इथे मला वेळ हवा होता. आज 21700 मापाचा सेल साधारण 70 ग्रॅमचा आणि 18 वॉट-तास वीज साठवणारा. रोडस्टरची 53 किलोवॉट-तासांची बॅटरी यात बसवली तर साधारण 2,950 सेल, 206 किलो. शंभर किलो नुसते काळाने उतरवलेत. रविवारी घाटात जाऊन यायला 40 किलोवॉट-तास पुरे. 2,222 सेल, 156 किलो. आता पेटी आणि तांबं पन्नास किलोंत बसवून दाखवा! वेटोळी न ठेवता.

आणि हे करताहेत छोट्या कंपन्याच. ब्रिटनच्या लाँगबोने 2025 मध्ये जाहीर केलेल्या स्पीडस्टरचं वजन 895 किलो सांगितलंय. ब्रिटनच्याच कॅटरहॅमने त्यांच्या ‘सेव्हन’ या गाडीच्या इलेक्ट्रिक अवतारासाठी सातशे किलोंच्या खाली राहायचं ठरवलं, आणि हिशोबही ट्रॅकवरचा ठेवला: वीस मिनिटं पळवा, पंधरा मिनिटं चार्ज करा, पुन्हा वीस मिनिटं पळवा. आपल्या मुंबईच्या वझिरानींनी 2021 मध्ये ‘एकाँक’ दाखवली, एका सीटची, 738 किलोंची. या आकड्यांतले काही अजून कागदावरचे आहेत, म्हणून मी त्यांच्या काट्याच्या पावतीची वाट बघतोय. पण छोट्या कंपनीत वायरिंगवाला आणि मालक एकाच टेबलावर डबा खातात. तिथे ‘दोन किलो नको’ म्हणायला बैठक बोलवावी लागत नाही.

म्हणून हौशी मित्रांनो, नवी गाडी आली की पहिला प्रश्न सेकंदांचा विचारू नका, किलोंचा विचारा. चाकण-भोसरीत आपल्यापैकी कोणी छोटी कंपनी काढणार असेल, तर पहिल्या दिवशी एका माणसाला खोडायची परवानगी लेखी द्या. तो माणूस मी असेन तर पगाराचं नंतर बघू.

वेळ संपली. कॉलेजच्या मुलांनी त्यांची स्पर्धेची इलेक्ट्रिक गाडी टेम्पोतून आणलीय, ती बाहेर उभी आहे. समोरच्या वजनकाट्यावर साडेबारापर्यंत आपल्याला जागा दिलीय. चला, ढकलायला सहा माणसं लागतील. आणि कोणाकडे पन्नास रुपये सुटे आहेत का?