दोर ओढणारा माणूस

बसा बसा, पुढे या, इथे खुर्च्या आहेत. विषय कच्च्या स्केचपासून शाईपर्यंतचा आहे, पण मी आधी रापणीवर येणार, कारण मला हे मालवणच्या किनाऱ्यावरच कळलं.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं मासेमारीचं जाळं, ओढताना बघितलीय ना सगळ्यांनी? दोन्ही टोकांना माणसांची रांग, टाचा वाळूत रुतलेल्या, अंग मागे झोकलेलं. मी सकाळभर बसून पंधरा-वीस रफ काढले, एकेक अर्ध्या मिनिटात, मग घरी येऊन त्यातल्या एकावर मन लावून शाई केली. बरगड्या, दंड, बोटं, सगळं जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी तिथल्याच एका म्हाताऱ्या रापणकाराला दाखवलं. त्याने बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "ह्यो दोर वडता हा काय दोराक टेकान रवलो हा?"

मी रफ काढून शेजारी धरलं. रफमध्ये टाचेपासून डोक्यापर्यंत एकच वाक होता, दोर सुटला असता तर माणूस पाठीवरच आपटला असता. शाई करताना मी पाठ "नीट" केली, डोकं पायांच्या वर आणलं, आणि तिथेच जोर गेला. तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे, की शाई म्हणजे रफ गिरवणं नाही, तीच हालचाल हाताने परत करायची.

पिंगुळीच्या चित्रकथीत बघा, म्हणजे चित्रं दाखवत गाऊन गोष्ट सांगायची ती आपली कला. ती जपणाऱ्या परशुराम गंगावणेंना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळे खूश झालो, पण ती चित्रं काढायला किती जण बसलो? त्यातला धनुष्य ताणणारा हात लांबून, गाणं चालू असतानाही ओळखू येतो. आपल्याकडे मात्र पोराने एक रेघ जाड आणि एक बारीक काढली की परीक्षक मार्क कापतात, माझ्या एका विद्यार्थिनीचे कापलेत, आणि मला त्याचा अजून राग आहे, कारण तिची जाड रेघ बरोबर टाचेखाली होती, जिथे भार होता.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. तर पटकन सांगतो. आधी वाकाची एकच रेघ, मग कंबर आणि खांद्याचा कल दाखवणाऱ्या तिरप्या रेघा, हात-पाय नंतर. आकृती पूर्ण काळी भरून बघा, कृती कळली नाही तर पोझ बदला. रफ फिक्या निळ्या पेन्सिलीने करा, छपाईच्या कॅमेऱ्याला ती दिसायची नाही म्हणून ही पद्धत पडली, आता स्कॅन करून निळा काढून टाकता येतो. टाकाची निब ओढायची, ढकलायची नाही, नाहीतर टोक कागदात रुततं आणि शाई उडते, त्यामुळे हात वळवण्यापेक्षा कागद फिरवा. पाठीची लांब रेघ खांद्यातून, एका दमात. टाच आणि दोरावरची मूठ जाड, उजेडाकडची बाजू बारीक, कपड्याच्या चुण्या ताणाच्या दिशेने. भरीव काळं सगळ्यात शेवटी.

आणि आपल्या पावसात कागद दमट असतो, शाई फुटते, सुकायलाही वेळ लागतो, तेव्हा कागद डब्यात बंद ठेवा आणि खोडरबर दुसऱ्या दिवशीच हातात घ्या. चला, कागद काढा, समोरच्या काकांना बादली उचलायला सांगितलंय, अर्धं मिनिट आहे.