हुडकायचं कुठं?

(दृश्य : बेळगावचं मध्यवर्ती बसस्थानक, संध्याकाळ. कंडक्टरच्या हाका, गाड्यांवरच्या कानडी पाट्या.)

खानापूरची गाडी कधी आहे, एवढंच बघायचं होतं. फोननं खानापूर दाखवलं, पण सांगली जिल्ह्यातलं, विट्याजवळचं. मी उभा बेळगावच्या सीबीटी बसस्थानकावर. माझं खानापूर इथून पंचवीसेक किलोमीटरवर, गोव्याच्या वाटेला.

मग गंमत म्हणून शहापूर टाकलं. आपलं शहापूर म्हणजे कपिलेश्वर पुलापलीकडचं, विणकरांचं आणि सराफांचं. आलं ठाणे जिल्ह्यातलं शहापूर. त्याच्याखाली यादगीरचं.

फोन चांगला होता. या फिल्मसाठी मीच सवयीचं सर्च इंजिन काढून दुसरं लावलं होतं, पंधरा दिवसांसाठी. त्याचं नाव घेत नाही. त्याच्याकडं बेळगावची माणसं फारशी फिरकलेलीच नाहीत, त्याला तरी काय बोलणार?

(दृश्य : गणपत गल्ली, गर्दी.)

बेळगावकडं 'शोधणं' हा शब्द पुस्तकात. बोलताना सगळे हुडकतात. "चष्मा हुडकायलोय, खरं सापडंना झालाय." कानडीतही हुडुकू. सीमेच्या दोन्ही बाजूंना एवढ्या एका शब्दावर तरी भांडण नाही.

तर मशीन कसं हुडकतं? त्याचे प्रोग्रॅम रात्रंदिवस वेबवरची पानं वाचत फिरतात आणि कुठला शब्द कुठल्या पानावर आहे याची सूची करून ठेवतात. तुम्ही विचारता तेव्हा ते वेब धुंडाळत नाही, सूची उघडतं. इथवरचं काम पैसा ओतला तर जमतं. अवघड आहे ते पुढचं : हजारो पानांतलं पहिलं कुठलं ठेवायचं? त्याचं बरंचसं शिक्षण तुमच्या-आमच्या बोटांनी होतं. बेळगावच्या टिळकवाडीतल्या हजार जणांनी 'शहापूर' टाकलं, ठाण्याचं सोडून खालचं आपलं दाबलं, की मशीनला कळतं : या गावातून विचारलं तर हे दाखवायचं. ज्या इंजिनाला ही हजार माणसं मिळत नाहीत, ते हे शिकत नाही. शिकत नाही म्हणून चुकीचं दाखवतं. चुकीचं दाखवतं म्हणून लोक थांबत नाहीत.

यातले आकडे अमेरिकेतल्या एका खटल्यात बाहेर आले. तिथल्या सरकारनं २०२० मध्ये गूगलवर दावा लावला आणि ५ ऑगस्ट २०२४ ला न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला, की गूगलनं सर्चमधली मक्तेदारी बेकायदा टिकवली. अमेरिकेतले बाकी सगळे स्पर्धक एकत्र केले तरी गूगलकडं रोज त्यांच्या नऊपट प्रश्न येतात, मोबाईलवर एकोणीसपट. गूगलला तेरा महिन्यांत वापरणाऱ्यांकडून जेवढं शिकायला मिळतं, तेवढं मिळवायला बिंगला सतरा वर्षं लागतील. बिंग म्हणजे मायक्रोसॉफ्टचं सर्च इंजिन, पैशाला तोटा नसलेल्या घरातलं. मग गरीबाघरच्यांचं काय?

(दृश्य : मोबाईलचं दुकान. काचेवर कव्हरं टांगलेली. काउंटरवर नवा फोन उघडलेला.)

पण माणसं येतच नाहीत ती का? याचं उत्तर मला निकालपत्रापेक्षा या दुकानात जास्त नीट कळलं.

समोर एक मावशी. मुलानं पुण्याहून पैसे पाठवलेत, पहिला टच फोन. दुकानदार भराभर सगळं 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत चाललाय. मध्येच फोन विचारतो, कुठलं सर्च इंजिन हवं? चार-पाच नावं. दुकानदाराचं बोट थांबतही नाही.

"मावशी, हितं दाबायचं आणि बोलायचं."

"काय बोलू?"

"काय पायजे ते बोला की."

मी विचारलं, त्यातलं दुसरं एखादं का नाही लावलंत? तो हसला. "दुसरं लावलं की सांजच्याला परत येतात बगा. 'आमचं गूगल कुठं गेलं' म्हणून. परत सगळं करून द्या. त्यात माजा टाईम जातोय, खरं पैसा एक मिळत न्हाई."

ती यादी फोनवर आली, त्यामागं भारताच्या स्पर्धा आयोगाचा आदेश आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगानं अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, आणि पुढच्या जानेवारीत गूगलनं जाहीर केलं, की भारतात सर्च इंजिन निवडायची मुभा देऊ. मुभा मिळाली. ती गणपत गल्लीत एका बोटाखाली अर्ध्या सेकंदात संपली. यात मी दुकानदाराला नावं ठेवणार नाही. वाईट निवडीचा भुर्दंड त्याच्या वेळेवर पडतो, आणि नव्या इंजिनाच्या मालकाला तो भरून द्यायला गणपत गल्लीत येता येत नाही.

ज्याला येता येतं तो मात्र भरतो. फोन, ब्राउझर यांत आपलंच इंजिन आधीपासून बसवलेलं असावं म्हणून गूगलनं २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर वाटले. एकट्या ॲपलला २०२२ मध्ये २,००० कोटी डॉलर मिळाले. आधीपासून बसवलेलं असण्यात काय ताकद आहे, ते उलट बाजूनंही दिसतं. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये बिंग आधीच बसवलेलं असतं, तर तिथं ऐंशी टक्के सर्च बिंगवर होतात. आता त्या बिंगवर लोक सगळ्यात जास्त काय हुडकतात? 'गूगल'. हे खुद्द गूगलच्या वकिलानं २०२१ मध्ये युरोपच्या कोर्टात सांगितलं होतं, आमच्याकडं लोक मर्जीनं येतात हे दाखवायला.

त्याचंही अगदीच खोटं नाही. २०१४ मध्ये फायरफॉक्स या ब्राउझरनं अमेरिकेत गूगल काढून याहू बसवलं. बऱ्याच लोकांनी सेटिंगमध्ये जाऊन पुन्हा गूगल लावलं, आणि २०१७ मध्ये फायरफॉक्सही परतलं. माल पसंत नसला तर माणूस उठतो. पण माल बरा असला तर, नुसता बरा, तर तो जागचा हलत नाही.

(दृश्य : जुन्या वेबसाइटांची चित्रं, एकामागून एक.)

हलवायला निघालेले कमी झाले नाहीत. २००८ च्या जुलैत 'कुल' नावाचं सर्च इंजिन आलं. गूगलमधून बाहेर पडलेल्या लोकांनी काढलेलं, आमची सूची जगात सगळ्यात मोठी असा गाजावाजा. पहिल्याच दिवशी सर्व्हर बसले, बातमी एकाची तर फोटो भलत्याचाच. दोन वर्षांत दुकान बंद. पहिल्या दिवशी आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा कशाला येतंय?

नीवा या इंजिनाची गोष्ट जास्त चटका लावणारी. श्रीधर रामस्वामी, गूगलच्या जाहिरात विभागाचे प्रमुख राहिलेले. त्यांनी २०१९ मध्ये जोडीदारासह नीवा काढलं : जाहिरात नाही, पाळत नाही, महिन्याला वर्गणी. कामही चांगलं होतं. २०२३ मध्ये बंद करताना त्यांनी जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की लोकांकडून पैसे घेणं त्यामानानं सोपं गेलं. नवं इंजिन एकदा वापरून बघा म्हणणं फार अवघड गेलं. मला लगेच ते दुकान आठवलं.

डकडकगो, इकोशिया ही इंजिनं तग धरून आहेत. पण त्यांच्याकडची बरीचशी उत्तरं बिंगकडूनच यायची. पाटी वेगळी, गोदाम एक. स्वतःचं गोदाम बांधणं परवडत नाही, हा यातला दुसरा पेच.

(दृश्य : जुना बेळगाव, एका छापखान्यातले संगणक.)

तरी काही ठिकाणी गूगलला टक्कर बसली, आणि आपल्या कामाचं आहे ते हेच. रशियात यांडेक्स हे इंजिन १९९७ पासून आहे. रशियन शब्द विभक्तीप्रमाणं रूप बदलतो आणि यांडेक्स बनवणाऱ्यांचा त्या रूपांचा अभ्यास आधीपासून होता. कोरियात नेव्हर या इंजिनाची अडचण वेगळी. कोरियन भाषेत तेव्हा वेबवर मजकूरच थोडा होता. म्हणून त्यांनी २००२ मध्ये लोकांनीच विचारायचं, लोकांनीच उत्तर द्यायचं अशी सोय काढली आणि मजकूर तयार करवून घेतला.

आता आपल्याकडं बघा. जोंधळा, जोंधळ्याचा, जोंधळ्यांना. मार्केट यार्डातला भाव तिन्हींत तोच, पण मशीनला हे तीन शब्द. गावाचं नाव तर विचारूच नका. बेळगाव, बेळगांव, २०१४ पासून सरकारी बेळगावी, हिंदीत बेलगाम, म्हणजे लगाम सुटलेलं. त्यात रोमन अक्षरात मराठी लिहिणारे आणि कानडी कळफलकावरचा माइक दाबून मराठी बोलणारे. 'संधान' नावाचा एक सरकारी प्रयत्न झाला होता. आयआयटी मुंबईसह अनेक संस्थांचा, मराठीसकट भारतीय भाषांतून पर्यटनाची माहिती हुडकायचा. किती जणांनी त्याचं नाव ऐकलंय?

आणि हुडकायला पान तरी हवं ना. या छापखान्यात तीस वर्षांचा मजकूर आहे. गावच्या जत्रा, सोसायट्यांचे अहवाल, स्मरणिका. सगळं जुन्या फॉन्टात. पडद्यावर 'येळ्ळूर' असं गावाचं नाव दिसतं, पण फाइलीच्या आत रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. तो मशीनला वाचता येत नाही. बाकीचं सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथं कुठल्याच इंजिनाला आत सोडत नाहीत. उद्या इथल्या कुणी मराठीचं स्वतंत्र इंजिन काढलं तर पहिलं वर्ष त्याचं फाइली बदलण्यातच जाईल. ते काम कुणी करत असेल तर मी एक शनिवार द्यायला तयार आहे.

(दृश्य : पुन्हा निवेदकाचा फोन.)

पंधरा दिवस होऊन महिना गेला. ते दुसरं इंजिन मी अजून काढलेलं नाही. अडलं की गूगल उघडतो, खोटं कशाला बोलू. खरं रोज रात्री एकदा 'शहापूर' टाकतो, ठाणं ओलांडतो, यादगीर ओलांडतो, आणि खाली कुठंतरी सराफ गल्लीचं पान सापडलं की तेवढं दाबतो. परवा ते तिसऱ्या पानावर होतं. काल दुसऱ्यावर आलं. माझ्यामुळंच आलं असं नाही.