एच-८चं घर

बेळगाव, टिळकवाडी. ज्युनियर स्पर्धेच्या हॉलमध्ये बहुतेक पट मोकळे झालेत. एकच डाव चालू आहे. पांढरी घेऊन गोकाकचा मुलगा, काळी घेऊन खानापूरची मुलगी. तो घरी कन्नड बोलतो, ती मराठी.

मुलगी हरणार, असंच दाराशी थांबलेल्या पालकांना वाटतंय. त्याच्याकडे उंट आणि दोन प्यादी. हिच्याकडे नुसता घोडा. आणि तोही ती एका प्याद्यावर देऊन टाकते!

इथे नीट बघा. पांढऱ्याकडे आता एकच प्यादं उरलंय, कडेच्या एच पट्टीवरचं. वजीर व्हायचं तर त्याला एच-८ला, म्हणजे त्या पट्टीच्या टोकाला कोपऱ्यातल्या घरात, पोचलं पाहिजे. ते घर काळं. उंट मात्र पांढऱ्या घरांतून फिरणारा. तो कितीही फिरला तरी त्या कोपऱ्यावर त्याचा जोर पडत नाही. काळा राजा तिथे जाऊन बसला, की त्याला कुणी हुसकावू शकत नाही. हेच प्यादं शेजारच्या जी पट्टीवर असतं, तर मुलगी बहुधा हरली असती.

असं ऐनवेळी सुचत नाही, ते आधी शिकलेलं असावं लागतं. मुलांना सुरुवातीच्या चाली पाठ करायला आवडतं. सोंगट्या संपत आल्यावरचा हा खेळ कंटाळवाणा वाटतो. आम्हाला तर बुद्धिबळाचं सगळ्यात सुंदर अंग हेच वाटतं. पलीकडे सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी मुलांना बुद्धिबळ शिकवण्यात आयुष्य घातलं. तसं शिकवणारं माणूस प्रत्येक तालुक्याला मिळायला हवं.

मुलगा डाव सोडत नाही. त्याने सोडूही नये. घाईत राजा कोपऱ्यातून निसटला तर डाव त्याचाच. प्रत्येक चालीला घड्याळात ३० सेकंदांची भर मिळतेय. मुलगी ते सगळे सेकंद वापरते, चाल लिहिते, मग पटाकडे बघते. राजा जी-८. राजा एच-८. पुन्हा जी-८. प्यादं एच-७वर येऊन शह देतं, राजा परत कोपऱ्यात. पांढरा राजा एच-६वर येतो. आता काळ्याला शह नाही, पण हलायला घरही नाही.

बरोबरी. अर्धा-अर्धा गुण.

"काय झालं गं?"

"ड्रॉ केला की, बाबा!"

एवढं सांगून ती आत पळते. मुलाने घोडा मारण्याआधीची स्थिती पुन्हा मांडलीय. जी पट्टीवरचं प्यादं तो एक घर आधीच पुढे सरकवतो आणि तिच्याकडे बघतो. ती घोडा उचलते, ठेवते, पुन्हा उचलते. पुढच्या फेरीच्या जोड्या भिंतीवर लागल्यात; दोघांनीही अजून बघितलेल्या नाहीत.