नॉमिनी म्हणजे वारस नव्हे: मृत्युपत्राविषयी थोडे सविस्तर

नमस्कार. आजचा विषय मृत्युपत्राचा आहे, पण सुरुवात मी नॉमिनीपासून करणार आहे. मृत्युपत्र का केले नाही, असे कोणाला विचारले की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: "सगळीकडे नॉमिनीचे नाव लावून ठेवले आहे, आता वेगळे मृत्युपत्र कशाला?" हे उत्तर ज्या समजुतीवर उभे आहे, ती समजूतच चुकीची आहे.

नामनिर्देशन करताना आपण फक्त एवढेच ठरवतो की आपल्या मृत्यूनंतर बँकेने, कंपनीने किंवा गृहनिर्माण संस्थेने व्यवहार कोणाशी करायचा. ही सोय खरे तर त्या संस्थेची आहे, कारण नॉमिनीच्या हाती रक्कम सोपवली की तिची जबाबदारी संपते आणि वारसांचे आपापसांतले वाद तिच्या दारात येत नाहीत. त्या रकमेचा मालक कोण, हे मात्र मृत्युपत्राने आणि ते नसेल तर वारसा कायद्याने ठरते. तोपर्यंत नॉमिनी ती रक्कम वारसांच्या वतीने, विश्वस्तासारखी सांभाळत असतो. विमा पॉलिसीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका १९८४ साली सरबती देवी विरुद्ध उषा देवी या खटल्यात घेतली आणि शेअर्सच्या बाबतीत १४ डिसेंबर २०२३ रोजी शक्ती येझदानी प्रकरणात पुन्हा स्पष्ट केली. विमा कायद्यात २०१५ साली एक दुरुस्ती झाली, तिच्यानुसार आईवडील, पती, पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर त्यांना केवळ रक्कम स्वीकारणारे न मानता लाभार्थी मानले जाते. पण ही तरतूद विम्यापुरतीच आहे, ती घराला किंवा बँकेतील ठेवींना लावता येत नाही.

बँकेच्या ठेवींना १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी नेमता येतात आणि प्रत्येकाची टक्केवारीही लिहिता येते. टक्केवारी दिसली की वाटणी झाल्यासारखे वाटते, त्यामुळे या चांगल्या सुधारणेतून गैरसमज मात्र वाढण्याची शक्यता आहे, असे माझे मत आहे. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या बाबतीत कायदा अधिक स्पष्ट आहे: २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतले जाते आणि खरे वारस किंवा मृत्युपत्रानुसार हक्कदार ठरलेली व्यक्ती सभासद होईपर्यंतच त्याचे ते स्थान टिकते.

[पडद्यावर: नॉमिनी – स्वीकारणारा. वारस – मालक.]

आता एक उदाहरण घेऊ. एका गृहस्थाने स्वतःच्या कमाईतून सदनिका घेतली, पत्नीला नॉमिनी केले आणि मृत्युपत्र न करताच त्याचे निधन झाले. मागे पत्नी, दोन लहान मुले आणि त्याचे आईवडील आहेत. घर पत्नीचे झाले, असे त्या घरातला प्रत्येक जण धरून चालतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ (हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे) मात्र असे सांगतो की पत्नी, दोन्ही मुले आणि आई हे वर्ग एकचे, म्हणजे सर्वांत आधी हक्क मिळणारे वारस आहेत आणि प्रत्येकाला समान हिस्सा मिळतो. म्हणजे ज्या घराचे हप्ते फेडण्यात पत्नीचाही पगार कदाचित गेला असेल, त्या घरात तिचा वारसाहक्क एक चतुर्थांशच आहे. वडील वर्ग दोनमध्ये येत असल्याने त्यांना काहीच मिळत नाही. मुले अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेली आहेत, तोवर त्यांचा हिस्सा विकायचा झाल्यास आई नैसर्गिक पालक असूनही तिला न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

गुंता इथेच संपत नाही. काही वर्षांनी सासूबाई मृत्युपत्र न करता गेल्या, तर त्यांचा एक चतुर्थांश हिस्सा त्यांचे पती, हयात असलेली मुले-मुली आणि दिवंगत मुलाची मुले यांच्यात विभागला जातो. म्हणजे ज्या सासऱ्यांना मुलाच्या मृत्यूच्या वेळी कायद्याने बाजूला ठेवले होते ते आता सहमालक होतात, आणि त्यांच्याबरोबर दीर आणि नणंदही होतात. यात कोणाचाही हेतू वाईट नाही. तरीही ते घर विकताना प्रत्येकाची सही लागेल, किंवा प्रत्येकाकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्यावे लागेल.

विवाहित स्त्रीच्या मिळकतीचा प्रश्न याहून कठीण आहे आणि त्याविषयी फारच कमी बोलले जाते. अपत्य नसलेली एखादी विधवा स्वतः कमावलेली मिळकत मागे ठेवून, मृत्युपत्र न करता गेली, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे ती मिळकत प्रथम तिच्या पतीच्या वारसांकडे जाते. तिच्या स्वतःच्या आईवडिलांचा क्रम त्यांच्यानंतर लागतो. आईवडिलांकडून वारशाने आलेल्या मिळकतीला अपवाद आहे, ती वडिलांच्या वारसांकडे परत जाते, परंतु पगारातून केलेल्या बचतीला हा अपवाद लागू होत नाही. मुलीला शिकवले ते आईवडिलांनी आणि तिची शिल्लक गेली तिने कदाचित पाहिलेही नसेल अशा दूरच्या दिराकडे, असे प्रत्यक्षात घडू शकते. कायदा बदलायला हवा हे खरे, पण तो बदलेपर्यंत कमावत्या स्त्रीच्या हाती मृत्युपत्र हाच उपाय आहे.

मुस्लिम व्यक्तिगत कायद्याचे नियम वेगळे आहेत; तिथे सर्वसाधारणपणे एक तृतीयांशापेक्षा अधिक मिळकतीची मृत्युपत्राने व्यवस्था करायची असेल तर वारसांची संमती लागते. त्यावर स्वतंत्र व्हिडिओच करावा लागेल.

आता मृत्युपत्र कसे करावे याकडे येऊ. मुद्रांक कागद लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणी सक्तीची नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे आवश्यक आहे ती मृत्युपत्र करणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या, ज्यांनी त्याला सही करताना पाहिले आहे किंवा "ही सही माझीच आहे" असे त्याच्या तोंडून ऐकले आहे. साक्षीदारांनी मजकूर वाचण्याची गरज नसते. मजकूर लिहिण्यात लोक महिनेच्या महिने घालवतात आणि साक्षीदार म्हणून समोर जो सापडेल त्याची सही घेतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. पुढे वाद झाला तर हयात असलेल्या एका साक्षीदाराला तरी न्यायालयात येऊन सांगावे लागते, तेव्हा साक्षीदार वयाने आपल्यापेक्षा लहान, सहज सापडणारा आणि मृत्युपत्रातून काहीही न मिळणारा असावा. मृत्युपत्र करणारा वयस्क किंवा आजारी असेल तर दोघांपैकी एक साक्षीदार डॉक्टर असणे हिताचे ठरते.

ज्याला मोठा लाभ होणार आहे त्यानेच मसुदा करून घेतला, त्यानेच वकील आणला आणि सहीच्या वेळी तोच शेजारी उभा होता, अशी परिस्थिती न्यायालये संशयास्पद मानतात आणि तो संशय दूर करण्याचा भार मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर टाकतात. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालच्या वेंकटचल अय्यंगार खटल्यात सविस्तर मांडले. म्हणून प्रेमळ मुलानेही त्या दिवशी दुसऱ्या खोलीत बसावे. एखाद्या वारसाला वगळायचे असेल तर त्याचे नाव टाळू नका. त्याला का वगळले, ते एका वाक्यात लिहा, म्हणजे विसरून राहून गेले असा दावा करता येणार नाही. आणि शेवटी "याखेरीज माझी जी काही मिळकत असेल ती" कोणाला जावी, हे एक वाक्य जरूर घाला, कारण आज लिहिलेल्या यादीत पाच वर्षांनी उघडलेले खाते असणार नाही.

कॅमेऱ्यासमोर इच्छा बोलून दाखवली की काम झाले, असे समजू नका; असे चित्रीकरण मनःस्थितीचा पुरावा म्हणून उपयोगी पडेल, पण ते स्वतः मृत्युपत्र ठरत नाही. नोंदणी केलीत तर कागद हरवण्याची आणि बदलला जाण्याची भीती उरत नाही, एवढा तिचा फायदा नक्की आहे. मजकूर गुप्त ठेवायचा असेल तर जिल्हा निबंधकाकडे मोहोरबंद लखोट्यात मृत्युपत्र जमा करण्याची तरतूद नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये आहे. मात्र नोंदणी केलेले जुने मृत्युपत्र साध्या कागदावरच्या, पण कायदेशीररीत्या केलेल्या नंतरच्या मृत्युपत्राने रद्द होऊ शकते, म्हणून प्रत्येक मृत्युपत्रावर तारीख लिहा, आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द केल्याचे त्यात नमूद करा आणि मूळ प्रत कुठे ठेवली आहे ते मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी व्यवस्थापक म्हणून नेमलेल्या व्यक्तीला सांगून ठेवा. ती प्रत ज्या बँक लॉकरमध्ये आहे तो लॉकर फक्त तुमच्याच नावावर असेल, तर तो उघडण्यासाठी कागदपत्रे गोळा करण्यातच घरच्यांचे बरेच दिवस जातील.