दारात कोण आलंय ते कर्नलला विचारा

आवाज येतोय ना मागेपर्यंत? बरं. आज टीसीपी, पोर्ट, फायरवॉल यातलं काहीच नाहीये. एकाच मशीनवरच्या दोन प्रोसेस एकमेकींशी बोलायला जी फाइलसारखी दिसणारी वस्तू वापरतात, युनिक्स डोमेन सॉकेट, तिच्या दारात कोणाला उभं करायचं आणि कोणाला नाही, एवढाच विषय.

आधी एक प्रश्न. फाइलींची यादी दाखवणारं एलएस मायनस एल मारलं, समोर एक सॉकेट दिसलं, ओळीचं पहिलं अक्षर एस, परमिशन ७५५, मालक रूट, म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेला युजर. तुम्ही साधे युजर आहात. कनेक्ट होईल का? हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त. नाही होणार हो. लिनक्सवर सॉकेटला कनेक्ट करायला राइट परमिशन लागते, रीडचा काही संबंध नाही आणि एक्झिक्यूटचाही नाही. सॉकेट तयार होतं ते ७७७ मधून, म्हणजे सगळ्यांना सगळं यातून, तुमचा युमास्क, म्हणजे नव्या फाइलीतून कोणत्या परमिशन काढायच्या तो आकडा, वजा होऊन, युमास्क बहुतेक ठिकाणी ०२२ असतो, म्हणून ७५५ येतं, त्यात राइट फक्त मालकाला, म्हणजे मालक आणि रूट सोडून सगळे बाहेर. आणि फाइल वाचायची कमांड, कॅट, मारून बघू नका, ती उघडणारी फाइल नाहीये, "नो सच डिव्हाइस ऑर अ‍ॅड्रेस" असं काहीतरी भलतंच उत्तर येतं आणि माणूस अर्धा तास डिव्हाइस शोधत बसतो. मी बसलोय.

आता ही राइटची अट लिनक्सची झाली. ही सॉकेटं आली १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्समधून, बर्कलीहून, आणि जुन्या बीएसडी सॉकेटच्या फाइलवरच्या परमिशनकडे बघायच्याच नाहीत. पॉझिक्स या युनिक्सांच्या सामाईक मानकानेही याबद्दल तोंड उघडलेलं नाही. म्हणून जुनी जाणती मंडळी काय करायची, तर सॉकेट एका डिरेक्टरीत टाकायचं आणि ती डिरेक्टरी ७००, म्हणजे फक्त मालकाला खुली, करायची, कारण वाटेतल्या डिरेक्टरीत शिरायची परवानगी सगळीकडेच तपासली जाते. लॉगिनच्या किल्ल्या सांभाळणारा एसएसएच एजंट वर्षानुवर्षं हेच करायचा, स्लॅश टेम्पमध्ये एक रँडम नावाची डिरेक्टरी, फक्त तुमची, आत सॉकेट. मला स्वतःला आजही हाच मार्ग आवडतो.

एक गोष्ट सांगतो, जिथे घडली तिथलं नाव नको. २०१४ चा उन्हाळा. वेबसाइटचा पीएचपी कोड चालवणाऱ्या पीएचपी एफपीएमचं सॉकेट तोपर्यंत डीफॉल्टने ६६६ असायचं, राइट सगळ्यांना, म्हणजे मशीनवरच्या कुठल्याही युजरने त्याला रिक्वेस्ट पाठवावी आणि एफपीएमच्या युजरच्या नावाने कोड चालवावा, शेअर्ड होस्टिंगवर तर मजाच. हे सुरक्षेतलं भोक म्हणून जाहीर यादीत नोंदलं गेलं, क्रमांक सीव्हीई २०१४-०१८५, आणि पीएचपी ५.४.२८ आणि ५.५.१२ मध्ये डीफॉल्ट ६६० झाला, म्हणजे राइट फक्त मालक आणि त्याच्या ग्रुपला. बरोबरच केलं. पण आमच्याकडे रात्री अपडेट गेलं आणि सकाळी सगळ्या साइटवर ५०२, म्हणजे मागच्या सर्व्हरशी बोलणं होत नाही ही एरर. पुढे उभ्या वेब सर्व्हरच्या, एनजिनएक्सच्या, लॉगमध्ये एकच ओळ हजारदा, कनेक्ट फेल्ड, १३, परमिशन डिनाइड. सॉकेटचा मालक रूट, ग्रुपही रूट, एनजिनएक्स चालतंय डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युजरच्या नावाने. आमच्यातल्या एकाने लगेच परमिशन बदलायची कमांड, चमॉड ६६६, ठोकलं, साइट चालू, टाळ्या, चहा. दुपारी एफपीएम रीस्टार्ट झालं, परत ५०२. परत चमॉड. तिसऱ्या दिवशी कोणीतरी ते क्रॉनमध्ये, ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या यादीत, टाकलं, दर मिनिटाला चमॉड! हसू नका, तो कोणीतरी मीच होतो.

झालं काय होतं, तर सॉकेटची फाइल प्रत्येक बाइंडला, म्हणजे सर्व्हर सुरू होताना सॉकेटला पत्ता देतो तेव्हा, नव्याने जन्माला येते. तुम्ही हाताने लावलेली परमिशन जुन्या फाइलबरोबर गेली. जे करायचं ते जन्म देणाऱ्याच्या कॉन्फिगमध्ये करायला हवं, एफपीएममध्ये लिसन डॉट ओनर, लिसन डॉट ग्रुप, लिसन डॉट मोड, आणि लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारा सिस्टमडी सॉकेट बनवत असेल तर सॉकेटयुजर, सॉकेटग्रुप, सॉकेटमोड. आणि हो, सिस्टमडीचा सॉकेटमोड काही लिहिलं नाही तर ०६६६ असतो, सगळ्यांना या या. हे लिहून घ्या.

स्वतः सर्व्हर लिहित असाल तर अजून एक बारीक गंमत आहे. बाइंड केल्यावर चमॉड करेपर्यंत मध्ये एक क्षण असतो, त्यात कोणी घुसलं तर? जोडणी करून बोलणाऱ्या स्ट्रीम सॉकेटला सोपं आहे, लिसन, म्हणजे जोडण्या घ्यायला सुरुवात, होईपर्यंत कनेक्ट करणाऱ्याला नकारच मिळतो, तेव्हा आधी बाइंड, मग चमॉड, मग लिसन, हा क्रम ठेवा. सुटे मेसेज घेणाऱ्या डेटाग्राम सॉकेटला लिसनच नाही, तिथे युमास्क नाहीतर डिरेक्टरी. युमास्क अख्ख्या प्रोसेसचा असतो हे विसरू नका, दुसरा थ्रेड त्याच वेळी फाइल बनवत असेल तर तिचीही परमिशन बदलते.

आता खरा मुद्दा. परमिशन फक्त एवढं ठरवते की दार वाजवायला कोण येऊ शकतं. आलेला माणूस कोण, हे कसं कळणार? सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर आठवा. नाव लिहा, फ्लॅट नंबर लिहा, जे लिहाल ते खरं. वॉचमन वाचतसुद्धा नाही. क्लायंटने पाठवलेल्या "मी अमुक युजर" या मेसेजची किंमत तेवढीच. लोकल सॉकेटची मजा ही की इथे क्लायंटला विचारायची गरजच नाही, दोन्ही टोकं एकाच कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या, हातात आहेत. लिनक्सवर गेटसॉकऑप्ट करून एसओ पीअरक्रेड मागा, कनेक्ट करतानाचा पीआयडी, यूआयडी, जीआयडी, म्हणजे प्रोसेसचा, युजरचा आणि ग्रुपचा नंबर, मिळतो. बीएसडी आणि मॅकवर गेटपीअरईआयडी. क्लायंटला यात खोटं बोलता येत नाही. पोस्टग्रेस डेटाबेसचं पीअर ऑथेंटिकेशन हेच आहे, "पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड" ही एरर इथे कोणी पाहिली नाही असं सांगू नका. ते सॉकेट मुद्दाम ७७७ असतं कारण तपासणी आत होते. आणि ती एरर आली की लोक काय करतात, पीजी एचबीए या कॉन्फिग फाइलमध्ये पीअर खोडून ट्रस्ट, म्हणजे न तपासता आत घ्या, असं लिहितात! अरे, सुडो मायनस यू पोस्टग्रेस पुढे पीएसक्यूएल, म्हणजे पोस्टग्रेस या युजरच्या नावाने आत जा, एवढंच टाइप करायचं होतं.

पण कर्नलने खरं सांगूनही घोळ घालता येतो, आणि तो उबंटूच्या स्नॅपडीने, अ‍ॅप बसवणाऱ्या सर्व्हिसने, घातला, सीव्हीई २०१९-७३०४, डर्टी सॉक म्हणून ओळखतात. स्नॅपडी रूट म्हणून चालतो, सॉकेट सगळ्यांना उघडं, आत यूआयडी तपासतो. यूआयडी पीअरक्रेडमधून घेतला, छान. मग त्याची एक स्ट्रिंग बनवली, पीआयडी बरोबर इतके, सेमीकोलन, यूआयडी बरोबर इतके, सेमीकोलन, आणि शेवटी क्लायंटच्या सॉकेटचा पत्ता चिकटवला. पुढे दुसऱ्या फंक्शनने ती स्ट्रिंग सेमीकोलनवर तोडून परत वाचली. आता बहुतेक क्लायंट स्वतःचं टोक बाइंड करत नाहीत, त्यांचा पत्ता रिकामा असतो. पण करायला बंदी थोडीच आहे! हल्लेखोराने स्वतःचं सॉकेट अशा फाइलवर बाइंड केलं जिच्या नावातच होतं सेमीकोलन यूआयडी बरोबर शून्य सेमीकोलन. तोडताना दुसरा यूआयडी आला, त्याने पहिल्याला पुसलं, क्लायंट झाला रूट. वॉचमनने आधार कार्ड नीट बघितलं, नंबर रजिस्टरात उतरवला, आणि पुढच्या रकान्यात पाहुण्याला स्वतःच्या हाताने लिहू दिलं. २.३७.१ मध्ये दुरुस्त झालं. कर्नलने आकडा दिला तर तो आकडाच राहू द्या ना, स्ट्रिंग कशाला करता?

पीआयडीवर मात्र निर्णय घेऊ नका. प्रोसेस मरते, तोच नंबर दुसऱ्याला मिळतो, तुम्ही प्रॉकमध्ये, चालू प्रोसेसची माहिती असते त्या डिरेक्टरीत, बघायला जाईपर्यंत तिथे वेगळंच कोणीतरी. आणि पीअरक्रेडमध्ये ग्रुप एकच येतो, बाकीचे ग्रुप हवेत तर एसओ पीअरग्रुप्स, कर्नल ४.१३ पासून.

अ‍ॅबस्ट्रॅक्ट सॉकेटबद्दल थोडक्यात. नावाचा पहिला बाइट शून्य असेल तर फाइल बनतच नाही, फाइल नाही म्हणून परमिशनही नाही, त्या नेटवर्क नेमस्पेसमधला, म्हणजे कर्नलने वेगळ्या केलेल्या नेटवर्कच्या त्या कप्प्यातला, कोणीही कनेक्ट करू शकतो. कंटेनर, म्हणजे वेगळ्या कप्प्यात बंद करून चालवलेले प्रोग्रॅम, सांभाळणाऱ्या कंटेनरडीच्या शिम नावाच्या मदतनीसाने असं सॉकेट ठेवलं होतं, आणि समोरच्याचा यूआयडी शून्य आहे का हे तपासतही होता. पण कंटेनर होस्ट नेटवर्कवर चालवला तर नेमस्पेस तोच, आणि कंटेनरमधला रूट, युजर नेमस्पेस, म्हणजे यूआयडींचा कप्पा, वेगळा नसेल तर, त्याचाही यूआयडी शून्यच. गेला आत. सीव्हीई २०२०-१५२५७, मग १.३.९ आणि १.४.३ मध्ये ते साध्या फाइलवाल्या सॉकेटवर आले.

प्रश्न आलाय, कंटेनर चालवणाऱ्या डॉकरचं, त्याला हुकूम द्यायचं, सॉकेट एखाद्या कंटेनरला द्यावंच लागलं तर रीड-ओन्ली माउंट करून चालेल का. हे मी कितीतरी कंपोझ फाइलींमध्ये, म्हणजे डॉकरच्या कॉन्फिगमध्ये, बघतो, शेवटी कोलन आरओ, आणि लिहिणारा निवांत. ते आरओ फाइल बदलण्यापुरतं असतं, सॉकेटशी बोलणं म्हणजे फाइल बदलणं नाही, कनेक्ट बिनदिक्कत होतं. आणि एकदा कनेक्ट झालं की डॉकर कोणाला किती अधिकार हे बघत नाही, होस्टची आख्खी डिस्क, रूट डिरेक्टरीपासून, माउंट करणारा नवा कंटेनर तिथूनच सुरू करता येतो. डॉकर ग्रुपमध्ये असलेल्या युजरचंही तेच. द्यायचंच असेल तर मध्ये एक प्रॉक्सी ठेवा, जी फक्त कंटेनरची यादी वाचायची रिक्वेस्ट पुढे पाठवते आणि बाकी सगळं अडवते. पटत नसेल तर आरओ लावलेल्या कंटेनरमध्ये शिरून कर्ल या रिक्वेस्ट पाठवायच्या कमांडने त्या सॉकेटवरून डॉकरचा एक रिकामा व्हॉल्यूम, म्हणजे डेटा ठेवायची जागा, बनवून बघा, बनतो.