कॅरीबॅगेतलं दप्तर

(धुळ्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. धुळ्यात येऊन संशोधनावर बोलायचं म्हणजे थोडं दडपण येतं. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ ज्या गावात १९२७ पासून उभं आहे, तिथे हा शब्द जपूनच वापरावा लागतो. राजवाडे गावोगाव हिंडायचे आणि लोकांच्या माळ्यावर धूळ खात पडलेली दप्तरं गोळा करायचे. माझं कामही त्याच जातीचं आहे, फक्त माझी दप्तरं माळ्यावर नसतात. पत्र्याच्या खोलीत, दाराच्या मागे, खिळ्याला एक कॅरीबॅग लटकलेली असते. बहुतेक वेळा एखाद्या साडीच्या दुकानाची. तिच्यात रेशन कार्ड, आधारच्या झेरॉक्स, गटाच्या कर्जाचं हप्त्याचं कार्ड, लाइटबिलं, बाळाच्या लसींचं कार्ड, सिव्हिलची फाइल आणि कधी कधी शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहिलेला प्लॉटचा सौदा. पावसाचं पाणी घरात शिरलं की आधी ही पिशवी उचलली जाते, मग पोरं. पोरं पळतात, कागद पळत नाहीत, असं मला एका बाईने फार शांतपणे समजावलं होतं.

शहरातल्या गरिबीवर काम करायला लागले तेव्हा पहिली दोन वर्षं ही पिशवी मला दिसलीच नाही. हातात छापील फॉर्म होता. घर कच्चं की पक्कं, टीव्ही आहे का, गॅस आहे का, मोटारसायकल आहे का. जळगावात एका घरासमोर मोटारसायकल उभी होती. मी खूण केली आणि ते घर माझ्या तक्त्यात गरिबीतून बाहेर पडलं. पुढच्या खेपेला त्या वहिनींनी स्वतःच पिशवी खाली काढली. गाडी फायनान्सवर घेतलेली, हप्ते थकलेले. नवरा एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात रात्रपाळीला. त्या वेळी तिकडे रिक्षा जात नाही, म्हणून गाडी घ्यावी लागली. गाडी नाही तर काम नाही. ज्याला मी मालमत्ता म्हणून टिकमार्क केलं होतं ते त्या माणसाचं कर्ज होतं, आणि कामाचं हत्यारही.

आता दारिद्र्यरेषेबद्दल दोन शब्द. फार नाही, कारण त्या वादात शिरलं की संध्याकाळ जाते. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी जे मांडलं त्यात १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी रेषा होती. पुढे तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी शहरातली रेषा महिना १,००० रुपये आली, म्हणजे दिवसाला तेहतीस. त्यावर देशभर आरडाओरडा झाला, तो तुम्हाला आठवत असेल. माझी तक्रार आकड्याच्या लहानमोठेपणाची नाही. रेषा काढायची तर महिन्याचा खर्च एका रकमेत मोजावा लागतो, आणि आमच्या वस्तीतला खर्च महिन्याचा नसतोच. तो रोजचा असतो, आठवड्याच्या हप्त्याचा असतो, आणि एखाद्या रात्री दवाखान्याचा असतो.

दांडेकर-रथांचं दुसरं एक म्हणणं मला खानदेशात पावलोपावली आठवतं. शहरातला गरीब म्हणजे खेड्यातल्या गरिबीचं ओसंडणं, असं ते म्हणाले होते. बरोबर. पण आपल्याकडे ते ओसंडतं कुठे? धुळे, नंदुरबार, अमळनेरच्या माणसाचं कामासाठीचं मोठं शहर कोणतं, सांगा. मुंबई नाही, पुणे तर नाहीच. सुरत. भुसावळ-सुरत लाइनवर रात्रीच्या गाडीत बसा. अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, प्रत्येक स्टेशनावर गोण्या आणि माणसं चढतात. नवापूरचं स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. सकाळी सुरतेच्या उधन्याला उतरा, लिंबायतकडे चालायला लागा, कानावर अहिराणी पडेल. आमच्याकडची शहरी गरिबी अशी राज्याची हद्द ओलांडून राहते, आणि अभ्यास मात्र जिल्ह्याच्या नकाशावर चालतो.

याचा परिणाम पिशवीत दिसतो. रेशन कार्ड इथलं, माणूस तिथला. वन नेशन वन रेशन कार्ड आल्यापासून यात फरक पडलाय, हे मान्य करायला हवं. पण कुटुंबच दोन शहरांत वाटलं गेलं असेल तर? म्हातारी आणि दोन नातवंडं धुळ्यात, मुलगा-सून सुरतेला, धाकटा ऊसतोडीला. फॉर्मवरचा पहिला रकाना असतो ‘कुटुंबातील व्यक्ती’. मी तिथे सहा लिहायचे की तीन? एकाच चुलीवर जेवतात ते कुटुंब, अशी व्याख्या आहे. त्या घराच्या तीन चुली होत्या, पण पैसा एकाच पिशवीत येत होता.

बरं, आता जरा उलटं पाहू. शहरातून खेड्याकडे. जनगणनेत शहर कशाला म्हणतात? नगरपालिका किंवा महापालिका असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर तीन अटी: लोकसंख्या किमान ५,०००, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर. पुरुषांपैकी. मी वर्गात हे शिकवते तेव्हा मुली आधी हसतात, मग गप्प होतात. गाव शहर झालं की नाही हे ठरवताना बाईच्या कामाकडे बघायचंच नाही!

आणि बाई काय करत असते? दिवाळीच्या आगेमागे सकाळी सहाला जळगावात तांबापुऱ्याच्या बाजूला जाऊन उभे राहा. मुकादमाची गाडी येते. डोक्याला रुमाल, पाठीला ओटी बांधायचं फडकं, भाकरीचा डबा. महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या या बायका वीस-पंचवीस किलोमीटरवर कापूस वेचायला जातात, किलोवर मजुरी. संध्याकाळी परत येऊन पाच मजली सोसायटीतल्या दोन घरची भांडी. सर्वेक्षणात विचारलं, ‘काय काम करता?’ तर म्हणतात, ‘घरीच असते.’ कारण त्यांच्या मते काम म्हणजे नवरा करतो ते. पुरुष शहरात कमावतो, बाई शेतात, आणि आम्ही त्यांना ‘शहरी गरीब’ म्हणून एका रकान्यात बसवतो. कापसाचा भाव पडला किंवा पाऊस लांबला की त्याची झळ शहरातल्या त्या खोलीपर्यंत येते. शाश्वत विकासावर बोलणारे शहराचा आराखडा हद्दीच्या रेषेवर संपवतात, तेव्हा मला ही मुकादमाची गाडी आठवते.

शहर वाढतं म्हणजे काय होतं, तेही सांगते. जळगावची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ४ लाख ६० हजार होती, धुळ्याची पावणेचार लाख. दोन्ही शहरं महापालिका झाली २००३ मध्ये. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे आजचा आकडा म्हणून जो काही सांगितला जातो तो अंदाज आहे. पण वाढ पाहायला आकडा कशाला हवा? बहिणाबाईंचं आसोदं घ्या. तिथून जळगावकडे येताना शेतात दगड रोवलेले दिसतात, चुन्याच्या रेघा मारलेल्या, मध्ये एक कमान आणि तिच्यावर कुठल्या तरी देवाच्या नावाची कॉलनी. एक-दोन गुंठ्यांचे प्लॉट. बिनशेती झालेलं नसतं, सौदा स्टॅम्पपेपरवर. तोच, पिशवीतला. अशी घरं नियमित करण्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना घेतलं. कायदा चांगला आहे की वाईट, यावर माझं मत दर दोन वर्षांनी बदलतं. नियमित करायला शुल्क भरावं लागतं, आणि ज्याच्याकडे ते असतं त्याने असा प्लॉट घेतला नसता.

आणि जमीन कुठली? काळी, कापसाची. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात फुगते. पाया उथळ असला की दोन-तीन वर्षांत भिंतीला तिरकी चीर. रस्ता नसतो, म्हणून जूनपासून रिक्षावाला कोपऱ्यावरच सोडतो. पोरं चपला हातात घेऊन शाळेत जातात. इंग्रज अधिकारी ब्रिग्जने १८१९ मध्ये धुळं खानदेशाचं मुख्यालय केलं तेव्हा आधी सरळ रस्ते आखले आणि मग माणसं बसवली. त्या आखणीमुळे आजही गल्ली नंबर चार म्हटलं की रिक्षावाल्याला पत्ता लागतो. आपण माणसं आधी बसवतो.

पाण्यावर मात्र मी थोडी रेंगाळणार आहे. वाघूर धरण भरलं तरी जळगावात नळ रोज येत नाही. धुळ्याला तापी आहे, नकाण्याचा तलाव आहे, तरी पाणी किती दिवसांआड येतं ते समोर बसलेल्या भगिनींना विचारा. पाणी धरणात अडत नाही. ते अडतं टाक्यांत, जुन्या लाइनींत, गळतीत, आणि शेजाऱ्याने नळाला लावलेल्या टिल्लू पंपात. इथेच, धुळ्यात, एका घरी माझी मुलाखत रंगात आली होती. तेवढ्यात गल्लीतून हाक: ‘पानी उनं!’ जिच्याशी बोलत होते ती बाई उठली, सासू उठली, शेजारीण उठली. मी, फॉर्म आणि पाळण्यातलं बाळ एवढेच उरलो. पाऊण तासाने ती परत आली, पदर ओला, आणि म्हणाली, ‘ताई, आज कामले दांडी.’

बसल्या बसल्या मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं होतं. दूधवाल्याचे खाडे आपण सगळेच कॅलेंडरवर मांडतो. हिच्या कॅलेंडरवर तिचे स्वतःचे खाडे होते. मालकीण पगारातून कापते, म्हणून हिशेब ठेवलेला. त्यातले काही निळ्या पेनाने गोल केलेले. विचारलं तर म्हणाली, हे पाण्याचे. त्या दिवसापासून माझ्या फॉर्मवरचा ‘पाण्याचा स्रोत’ हा प्रश्न मी मागे टाकला आणि पहिला प्रश्न केला: गेल्या महिन्यात पाण्यापायी किती खाडे झाले? नळ आहे असं दोन्ही घरं सांगतात. एका घरात टाकी असते, ती झोपेतही भरते. दुसऱ्या घरात बाईची रोजी बुडते. वर वीस लिटरचा जार विकत. वीस रुपयांचा धरला आणि रोज एक, तरी वर्षाला ७,३०० रुपये. तुमची वर्षाची नळपट्टी आठवून पाहा, मी थांबते.

उन्हाचंही असंच आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पत्र्याखाली रात्री दोनला भिंतीला हात लावा, ती कोमट असते. झोप होत नाही, सकाळी सेंटरिंगच्या कामावर तोल जातो. पिशवीतलं एप्रिल-मेचं लाइटबिल पाहिलं की कूलर किती वेळ चालला ते कळतं. काही घरांत बिल वाढतच नाही, आणि तीच घरं जास्त काळजीची.



शेवटची गोष्ट, कारण इथे शिक्षक बरेच दिसताहेत आणि जनगणनेचं काम तुमच्याच गळ्यात पडणार आहे. या वेळचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. म्हणजे माणसं मोजायची फेब्रुवारीत. फेब्रुवारीत आमची निम्मी वस्ती ऊसतोडीवर, वीटभट्टीवर, सुरतेला. तुम्हाला दारांना कुलपं दिसतील. कुलूप दिसलं की पुढच्या घराकडे वळू नका. शेजारच्या म्हातारीला विचारा, ते कुठे गेलेत आणि कधी येतील. तिला ठाऊक असतं, कारण जाताना ती पिशवी तिच्याकडेच ठेवून गेलेले असतात.